पायी जाण्याच्या अंतरावरची शाळा

सकाळी पावणेसातला मुंबईतल्या लालबागच्या उड्डाणपुलाखाली उभं राहिलं, की एकाच वस्तीतली मुलं तीन वाटांनी शाळेला निघालेली दिसतात. चाळीच्या लाकडी जिन्यावरून एक मुलगी धाकट्या भावाचा हात धरून उतरते. तिची शाळा महापालिकेची, पाच मिनिटांच्या चालीवर. पलीकडे पुनर्विकासात उभ्या राहिलेल्या इमारतीच्या दाराशी आई मुलाचा टाय सारखा करत व्हॅनची वाट बघते. त्याची शाळा इंग्रजी माध्यमाची, दोन-तीन स्टेशनं पलीकडची. आणि जिथे पूर्वी गिरणीची चिमणी होती, तिथल्या चाळीस-पन्नास मजली टॉवरच्या फाटकातून वातानुकूलित बस बाहेर पडते. तिच्यातल्या मुलांच्या शाळेची वर्षाची फी लाखांत मोजतात.

तिन्ही मुलांच्या घरांमधलं अंतर दोनशे पावलांचं. गणपतीत ती एकाच मांडवात येतात, पावसात एकाच तुंबलेल्या पाण्यातून वाट काढतात. पण पहिली ते दहावीच्या दहा वर्षांत एकदाही ती एका बाकावर बसत नाहीत. शेजार आहे, पण ओळख नाही. हे असं का झालं, कुणी केलं आणि ते बदलता येईल का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

एकाच वर्षी जन्मलेल्या दोन गोष्टी

१९६४ साली रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी लंडनबद्दलच्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक नवा शब्द वापरला : जेंट्रिफिकेशन. इस्लिंग्टनसारख्या लंडनच्या कामगारवस्त्यांत त्यांना एक बदल दिसत होता. मध्यमवर्गीय माणसं तिथली जुनी, पडझड झालेली घरं विकत घेत होती, डागडुजी करून राहायला येत होती. घरांच्या किमती चढत होत्या, भाडी वाढत होती. एकदा हे सुरू झालं, की मूळचे कामगार रहिवासी बहुतेक सगळे बाहेर पडेपर्यंत ते थांबत नाही आणि वस्तीचा स्वभावच पालटतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. ‘जेंट्री’ म्हणजे जमीनजुमला बाळगणारा प्रतिष्ठित वर्ग. त्यावरून त्यांनी हा शब्द घडवला.

मराठीत काही लेखक त्याला ‘उच्चभ्रूकरण’ म्हणतात. बोलीत मात्र या घटनेला दोन नावं आहेत, आणि कोण बोलतंय त्यावर नाव ठरतं. जो नव्याने राहायला आला तो म्हणतो, “एरिया सुधारला.” जो बदलापूर किंवा विरारला गेला तो म्हणतो, “आता तिथे आपलं कुणी राहिलं नाही.”

त्याच १९६४ सालच्या जुलैत भारत सरकारने डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १९६६ च्या अहवालात आयोगाने ‘शेजारशाळे’ची शिफारस केली. कल्पना साधी होती. एका परिसरातली सगळी मुलं, मग ती कोणत्याही जातीची, धर्माची, ऐपतीची असोत, त्या परिसरातल्याच शाळेत शिकतील. श्रीमंताचं मूल तिथे असलं, की शाळा चांगली ठेवणं ही श्रीमंताचीही गरज बनते, आणि दोघांची मुलं एकमेकांना माणूस म्हणून ओळखतात, असा त्यामागचा विचार होता.

शहराला जडू लागलेल्या दुखण्याला लंडनमध्ये नाव मिळालं आणि त्यावरचा एक उपाय त्याच काळात दिल्लीत लिहिला जात होता. नाव जगभर गेलं. उपाय अहवालातच राहिला.

भोंगा आणि शाळेची घंटा

हे दुखणं कसं वाढतं ते समजून घ्यायला मुंबईच्या गिरणगावाइतकं चांगलं ठिकाण नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तिथे उत्पादन सुरू झालं. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत गिरण्यांचं गाव वसलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. वरळी-लोअर परळला तेलुगू पद्मशाली विणकर आले, मदनपुऱ्यात उर्दू बोलणारे विणकर आले, उत्तरेतून हिंदी बोलणारे आले. एका खोलीत गावकीचे दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. खानावळी बायकांच्या हिमतीवर चालत. गिरणीचा भोंगा झाला की अख्खी वस्ती जागी होई.

या वस्तीत शाळा कुणी दानधर्म म्हणून आणून ठेवली नाही. ती मागून, भांडून, उभी करून मिळवली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केलं आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिशनची पहिली शाळा परळला काढली. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. दिवसा साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहणाऱ्या कामगारांसाठी लीगने रात्रीचे वर्ग चालवले. बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब मुंबईत आलं ते परळच्या डबक चाळीत, आणि तिथल्या एका खोलीत त्यांनी अभ्यास केला.

आणि मग १९२५ साल. मुंबई महापालिकेने सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करायचं ठरवलं तेव्हा सगळं शहर एकदम घेतलं नाही. दोन वॉर्ड निवडले : एफ आणि जी. आजचे परळ, शिवडी, नायगाव, वरळी, प्रभादेवी या वॉर्डांत येतात. म्हणजे मुंबईत सक्तीच्या शिक्षणाची सुरुवात झाली ती गिरणी कामगारांच्या मुलांपासून. या घटनेला आता शंभर वर्षं झाली.

या शाळांनी काय केलं, ते एका माणसाच्या आयुष्यातून कळतं. इंडिया वुलन मिलमध्ये काम करणाऱ्या गंगाराम सुर्वे यांना रस्त्यावर एक तान्हं मूल सापडलं. त्यांनी ते घरी आणलं, आपलं नाव दिलं आणि महापालिकेच्या शाळेत घातलं. ते मूल म्हणजे नारायण सुर्वे. ते पुढे महापालिकेच्याच शाळेत शिपाई झाले, मग परीक्षा देऊन त्याच खात्यात शिक्षक झाले आणि मराठीतले मोठे कवी झाले. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा नसती, तर हे घडलं असतं का?

एका इमारतीत सकाळी मराठी शाळा आणि दुपारी उर्दू किंवा तेलुगू शाळा, अशी या परिसराची रीत होती. आजही मुंबई महापालिका आठ भाषांतून शाळा चालवते : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. शहर कुणी बांधलं याची नोंद या यादीतच आहे.

जमीन बदलली तेव्हा

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक थंड पडत गेल्या आणि मालकांच्या हिशेबात कापडापेक्षा गिरणीखालची जमीन मोलाची ठरली. ही जमीन होती जवळपास ६०० एकर, शहराच्या अगदी मध्यावर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले. एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न करता फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या भागाची करायची, असं ठरलं. गिरण्यांची बहुतेक जमीन शेडखाली होती. त्यामुळे सार्वजनिक वाटा कमालीचा आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम वैध ठरवला.

मैदानं, बागा, परवडणारी घरं आणि त्यांच्यासोबत येऊ शकणाऱ्या शाळा यांच्यासाठी मिळू शकणारी मोठी जमीन इथे हातची गेली. तिच्यावर मॉल, कार्यालयं आणि टॉवर उभे राहिले. टॉवर ही मोठी, महाग घरांची रचना आहे. तिथे येणारं कुटुंब कोणत्या उत्पन्नाचं असेल हे घराच्या आकारानेच ठरवून टाकलं होतं.

लंडनमध्ये मध्यमवर्ग एकेक घर विकत घेत आला, म्हणून तिथला बदल हळूहळू, रस्त्याकडेने सरकत गेला. गिरणगावात बदल भूखंडाच्या मापाने आला. भिंतीच्या आत नवं जग, भिंतीबाहेर जुनी चाळ. नव्या रहिवाशाला जुन्या वस्तीतून चालत जायची वेळच येत नाही, कारण गाडी तळघरातून निघते आणि थेट पुलावर चढते. जवळची महापालिकेची शाळा त्याने नाकारलेली नसते. ती आहे हेच त्याला माहीत नसतं.

पट कसा घसरतो

पण गिरणगावातली शाळा फक्त नव्या रहिवाशांमुळे ओस पडली, असं म्हणणं अर्धवट ठरेल. आधी बाहेर पडली ती चाळीतलीच मुलं. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे कुणालाही दोष देणं सोपं आणि चुकीचं आहे.

गिरणी बंद पडलेल्या घरात बापाची नोकरी गेली. वडिलांच्या ओळखीने मुलाला साच्यावर लावायचा रस्ताही संपला. आता नोकरी होती ती मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये, कार्यालयाच्या काउंटरवर, आणि तिथे पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला जाई. ज्या आईने हे डोळ्यांनी पाहिलं तिने मंगळसूत्रातली वाटी मोडून मुलाला इंग्रजी शाळेत घातलं असेल, तर तिची चूक काय? तिने भाषा सोडली नाही. तिने पोराचं पोट बघितलं.

अशी दहा घरं गेली की शाळेचा पट दहाने खाली येतो. पुढची गोष्ट मग नियमाने घडते. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांचं प्रमाण दिलेलं आहे. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, आणि पुढे असंच. हे प्रमाण किमान म्हणून लिहिलं आहे. पण संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, तेच कमाल होऊन बसतं. पट ६० किंवा त्याखाली आला की पाच इयत्ता आणि दोन शिक्षक, अशी स्थिती येते. तिसरे शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांची बदली होते. एक बाई पहिली-दुसरी एकत्र घेऊन बसतात. उरलेल्या पालकांना ते दिसतं. त्यातले आणखी काही दाखला काढतात. पट पुन्हा घसरतो.

त्यात पुनर्विकासाची भर पडते. इमारत मोकळी करायची म्हणून कुटुंब संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात जातं, बहुधा दूरच्या उपनगरात. सांगितलेली तीन वर्षं कित्येकदा दहा होतात. इमारतीला दहा वर्षं लागली, की एका मुलाची पहिली ते दहावी संपते. पाचवीतला मुलगा गेला, कॉलेजात जाणारा तरुण परतला. शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव कधी परत आलंच नाही. आणि परतल्यावर टॉवरचा मेंटेनन्स परवडत नाही म्हणून घर विकून कल्याण-पनवेलला जाणारीही कुटुंबं आहेत. त्यांच्यामागून त्यांची नातवंडंही गेली.

पट पुरेसा घसरला की शाळा ‘विलीन’ होते. २०१० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत मुंबई महापालिकेच्या शंभराहून अधिक मराठी शाळा अशा कमी झाल्या. दप्तर, गणवेश, वह्या, बुटांपासून छत्रीपर्यंत सत्तावीस वस्तू महापालिका मुलांना मोफत देत असतानाच्या काळात हे झालं. म्हणजे पालक फुकट मिळणाऱ्या वस्तूंकडे बघून शाळा निवडत नव्हते. वर्गात बाई आहेत का, त्या शिकवतात का आणि शाळा पुढच्या वर्षी चालू राहील का, हे ते बघत होते.

बुद्धिबळाच्या पटावरचा प्रयोग

कुणाचाच हेतू वाईट नसताना असा निकाल कसा लागतो? थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याचं उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग मांडला. तो घरी करता येतो.

बुद्धिबळाचा पट घ्या. त्यावर एक रुपयाची आणि पाच रुपयांची नाणी मिसळून ठेवा, काही घरं रिकामी सोडा. आता नियम असा : प्रत्येक नाण्याला आपल्या आसपासच्या नाण्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखी हवीत. म्हणजे दोन तृतीयांश वेगळी असली तरी त्याची हरकत नाही. हा काही कट्टर नियम नव्हे. मनाने बराच मोकळा असलेला माणूसही एवढी अपेक्षा ठेवतो. ज्या नाण्याची ही अट पुरी होत नाही, त्याला उचलून सोयीच्या रिकाम्या घरात ठेवा. असं करत राहा.

थोड्या वेळाने पटावर एका बाजूला रुपयांचे पुंजके आणि दुसऱ्या बाजूला पाचांचे पुंजके तयार होतात. एकही नाणं वेगळं राहायला निघालं नव्हतं. प्रत्येकाने फक्त ‘आपण अगदीच एकटे पडू नये’ एवढंच बघितलं होतं. पण एक नाणं हललं की त्याच्या जुन्या शेजाऱ्याचं गणित बिघडतं, मग तोही हलतो. शेलिंग यांना २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

शाळेचं असंच होतं. “त्या शाळेत आता आपल्यातलं कुणी जात नाही” हे वाक्य गिरणगावात चाळीतली आई म्हणते, पुनर्विकसित इमारतीतली आई म्हणते आणि टॉवरमधली आईही म्हणते. तिघींच्या ‘आपल्यातलं’चा अर्थ वेगळा आहे, पण तिघींची भीती एकच आहे : आपलं मूल एकटं पडू नये. म्हणून पालकांना उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही. पटावरचं एक नाणं जागच्या जागी थांबलं, तरी खेळ बदलत नाही. खेळ बदलायचा तर नियम बदलावा लागतो, आणि नियम सरकार आणि महापालिका करतात.

निवडण्याचा अधिकार कुणाला परवडतो

‘शाळेची निवड’ हा शब्द ऐकायला समान वाटतो. प्रत्यक्षात निवडीला पैसे लागतात, आणि त्याहून जास्त वेळ लागतो. शाळांची चौकशी, फॉर्मच्या तारखा, मुलाखत, व्हॅनचं भाडं, अभ्यास घरी घेता येत नाही म्हणून लावलेली शिकवणी, हे सगळं जिला जमतं ती निवडते. सकाळी चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बाईला जवळची शाळा हीच एक शाळा असते. ती चांगली असली तर मूल शिकतं. ती मोडली तर तिच्यापाशी दुसरा रस्ता नाही.

अरुंद का होईना, असा दुसरा रस्ता असावा म्हणून २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात एक कलम आलं. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्यायच्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. महाराष्ट्रात सोडत निघते. फॉर्म ऑनलाइन भरायचा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला जोडायचा, आणि भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणी केलेला भाडेकरार दाखवायचा. पुनर्विकासासाठी घर सोडून तोंडी बोलीवर खोली घेतलेल्या कुटुंबाची अडचण इथेच सुरू होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून सूट दिली. मुंबईसारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा बहुतेक ठिकाणी सापडते. पालक न्यायालयात गेले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला हा बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

या लढ्यात ‘जवळची शाळा’ ही कल्पना दोन्हीकडे वापरली गेली. कायद्याला जवळच्या शाळेत सगळे एकत्र यायला हवे होते. बदललेल्या नियमाने जवळच्या सरकारी शाळेकडे बोट दाखवून गरिबाला म्हटलं, तुझी शाळा ती, ही नव्हे. शेजारशाळेचा अर्थ सगळ्यांची शाळा असा असेल तरच ती न्याय देते. फक्त गरिबांना जवळच्या शाळेला बांधून ठेवलं, तर ती वेगळी पाडण्याची रीत होते.

पुलापलीकडची गोष्ट

हा पेच एकट्या मुंबईचा नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मॅनहॅटन पुलाच्या आसपास डंबो नावाचा भाग आहे. जुन्या कारखान्यांचा आणि गोदामांचा. लोअर परळसारखाच तोही महागड्या घरांचा झाला. तिथे सार्वजनिक शाळांना हद्दी असतात आणि पत्त्यावरून शाळा ठरते. डंबोतली मुलं ब्रुकलिन हाइट्समधल्या पी. एस. ८ या शाळेच्या हद्दीत येत. ती बहुतांश गोऱ्या, सुस्थितीतल्या घरांची शाळा खचाखच भरली होती. जवळच पी. एस. ३०७ होती. समोरच्या सरकारी वसाहतीतली कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं तिथे शिकत, आणि वर्गांत जागा होती. २०१५ मध्ये हद्द बदलून डंबोला पी. एस. ३०७ शी जोडायचा प्रस्ताव आला आणि दोन्ही बाजूंना खळबळ उडाली. जानेवारी २०१६ मध्ये तो मंजूर झाला.

सुस्थितीतल्या पालकांची भीती आपण ओळखू शकतो. पण दुसऱ्या बाजूची भीतीही ऐकायला हवी. वसाहतीतले पालक म्हणत होते, की ही शाळा आम्ही आणि आमच्या शिक्षकांनी कष्टाने उभी केली. उद्या पैसेवाले पालक येतील, निधी गोळा करतील, समित्यांवर बसतील आणि आमचीच मुलं इथे पाहुणी होतील. घरातून हुसकावलं जातं तसं शाळेतूनही हुसकावलं जाऊ शकतं, हे त्यांना कळत होतं.

जवळच्याच पंधराव्या शालेय जिल्ह्याने पुढे वेगळी वाट धरली. २०१९ पासून तिथल्या मधल्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या, शाळांनी गुण, हजेरी, मुलाखत अशा चाळण्या बंद केल्या. प्रवेश सोडतीने द्यायचा आणि ५२ टक्के जागांवर गरीब, बेघर किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांना प्राधान्य द्यायचं, असं ठरलं. हा आकडा मनाने काढलेला नव्हता. त्या जिल्ह्यात अशा मुलांचं प्रमाण साधारण तेवढंच होतं. पहिल्याच वर्षीच्या प्रवेशांत शाळाशाळांमधली दरी कमी झालेली दिसली. शेलिंगच्या पटावरचा नियम बदलला होता : मुलं वाटायचं काम एकेकट्या पालकाच्या धावपळीवर न सोडता सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या पद्धतीवर सोडलं होतं.

मुंबईला काय करता येईल

मुंबईत एक गोष्ट २०२० नंतर दिसली. महापालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ या नावाने शाळा सुरू केल्या, काहींत सीबीएसईसारख्या केंद्रीय मंडळांचा अभ्यासक्रम आणला. प्रवेशासाठी जागांपेक्षा जास्त अर्ज आले आणि सोडत काढावी लागली. पालकांना महापालिकेची शाळा नको आहे, हा समज तिथे गळून पडला. त्यांना पडकी, शिक्षक नसलेली, उद्या बंद होईल अशी शाळा नको होती.

पण त्यामुळे मराठी शाळांचं काम संपत नाही. लहान मूल घरच्या भाषेत लवकर आणि नीट शिकतं, म्हणून २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे पाचवीपर्यंत मातृभाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. पालकांना इंग्रजी यायला हवं आहे. ते मराठी शाळेतच, चांगल्या शिक्षकाकडून, पहिलीपासून बोलून-ऐकून आलं, तर मराठीवर रागवायचं कुणालाच कारण नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घराचा आणि शाळेचा विचार एकत्र व्हायला हवा. बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यांपैकी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशांना ५०० चौरस फुटांचं घर त्याच जागी मिळणार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. या कुटुंबांतली मुलं परत येत आहेत. बाकीची कुटुंबं परततील तेव्हा त्यांच्या पायवाटेवरची शाळा चालू असेल का, हे संचमान्यतेच्या तक्त्यावर सोडून चालणार नाही. जिथे पुनर्विकास सुरू आहे, तिथे घसरलेला पट तात्पुरता मानावा, शिक्षक काढू नयेत आणि घरं भरेपर्यंत शाळा जिवंत ठेवावी. रस्ता आणि पाण्याची लाइन आपण रहिवासी येण्याआधी तयार ठेवतो. शाळाही तशीच ठेवायला हवी. विकास आराखड्यात शाळेसाठी राखलेला भूखंड शाळेसाठीच राहायला हवा, कारण या शहरात एकदा गेलेली जमीन परत येत नाही, हे गिरण्यांनी आपल्याला दाखवलं आहे.

१९२५ मध्ये महापालिकेकडे आजच्या तुलनेत पैसा फारच थोडा होता. तरी तिने ठरवलं, की सुरुवात परळ-वरळीपासून करायची. शंभर वर्षांनी तीच महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका आहे. तिच्याकडून त्याच जागी पुन्हा एकदा तशाच ठरावाची अपेक्षा करणं हा आपला हक्क आहे.

वाचकहो, तुम्ही चाळीत राहत असा किंवा टॉवरमध्ये, मुलाचा प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एक सकाळ काढा आणि घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन या. मुख्याध्यापकांना पट विचारा, शिक्षक किती ते विचारा, एक तास वर्गात बसायची परवानगी मागा. कदाचित तुम्ही मुलाला तिथे घालाल, कदाचित नाही घालणार. पण जे दिसेल ते तुमच्या नगरसेवकाला लिहून कळवा आणि त्यावर उत्तर मागा. ती शाळा तुमच्याही कराच्या पैशांतून चालते, आणि तिच्या वर्गातली मुलं तुमच्या मुलांचे शेजारी आहेत.